दाक्षायणीअक्काची गाडी पहिल्यात पडत नव्हती

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत गजर लावून कुणी उठत नाही. दाक्षायणीअक्का उठली की गल्ली उठते. पहिला मान दूधवाल्याचा. "दूध विकायलास का पाणी? पाणी असंल तर तसं बोल, नळाला फुकट येतंय की!" मग पेपरवाला. "फेकतोस काय रे, मी काय कुत्रं हाय उचलून आणायला?" मग खरोखरचं कुत्रं. त्याच्याशी ती कन्नडमध्ये भांडते, कारण तिच्या मते कुत्र्याला मराठी समजत नाही. माणसांशी मराठीत भांडते, कारण तिच्या मते माणसांना काहीच समजत नाही, मग भाषा कुठली का असेना.

एवढं उरकलं की गाडी बाहेर निघते.

गाडी म्हणजे स्कूटी नव्हे. दोन सीटची, वरून उघडी, रस्त्याला पोट घासेल इतकी बुटकी विलायती स्पोर्ट्स कार. एके काळी लाल होती, आता पिकल्या चिंचेच्या रंगाची झालीय. गिरणीतला कुणी साहेब मायदेशी परतताना ती अक्काच्या सासऱ्यांना देऊन गेला. सासरे मागाचे सुटे भाग विकायचे, त्यांचं साहेबाशी जमायचं. त्यांच्याकडून गाडी संगप्पाकाकांकडे आली, म्हणजे अक्काच्या नवऱ्याकडे. काका दर सोमवारी गाडी धुऊन बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि अक्काला आत बसू द्यायचे नाहीत. "तुझ्या लुगड्याला पीठ असतंय. सीट खराब होती." हे वाक्य अक्का अजूनही काकांच्या आवाजात, नाकातून, म्हणून दाखवते आणि वर भिंतीवरच्या फोटोला विचारते, "काय, असंच म्हणायचा का नाही?"

पीठ असायचंच. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून अक्का या घरात आली ती कडक भाकरी थापायचा हात घेऊनच. ज्वारीची, बाजरीची, पापडासारखी पातळ, महिनाभर मऊ न पडणारी. काका गेल्यावर सुट्या भागांचं दुकान बंद झालं आणि भाकरीचं सुरू झालं. माल दुकानांत पोचवायला रिक्षा लागायची, आणि रिक्षावाले म्हणजे, अक्काच्या शब्दांत, "भाकरीवर बूड टेकून गाडी चालवणारी जात." शेवटचा रिक्षावाला भांडून गेला त्या दिवशी तिनं गाडीवरचं कापड ओढून काढलं आणि पिठाच्या लुगड्यानिशी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

शिकवलं तिला समोरच्या बिभीषण मिस्त्रीनं. त्याचं गॅरेज अक्काच्या दाराच्या बरोबर समोर आहे. मध्ये गल्ली, म्हणजे एक रिक्षा जाईल आणि दुसरी शिव्या देत थांबेल एवढी जागा. बिभीषण मंगळवेढ्याकडचा, उंच, वाळका, आणि बोलणं असं की समोरच्याचं काहीतरी चुकलंच आहे हे धरून सुरुवात. शिकवणीचे ते दिवस गल्लीनं दारात खुर्च्या टाकून ऐकले.

"अक्का, क्लच म्हंजे पायपुसणं न्हाय. दाबला की पुरा दाबायचा, सोडला की पुरा सोडायचा. अर्धंमुर्धं सासूसंगं करा, गाडीसंगं न्हाय."

"सासू मेली माझी."

"सुटली."

असं करत अक्का शिकली. तेव्हापासून रोज सकाळी ती निघते. उजवीकडे अक्का, डावीकडच्या सीटवर काकांच्या उपरण्यानं करकचून बांधलेली भाकऱ्यांची चळत. सात रस्त्याला सिग्नलवर कॉलेजची पोरं फोटो काढतात, तर अक्का म्हणते, "फोटो काय खाणार हाय का? भाकरी घे!" आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत दोन-चार पुडकी खपवते.

दिवाळीच्या आधी गाडीचा क्लच घसरायला लागला होता. बिभीषणनं नवी प्लेट बसवली. मार्गशीर्ष उलटेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. संक्रांत झाली आणि पहिला गिअर पडेना.

सुरुवातीला नुसतं घसा खाकरल्यासारखं व्हायचं, खर्र. मग पिठाच्या गिरणीत खडा गेल्यासारखं, खर्रर्रर्र-टक्. रिव्हर्सचं तर विचारूच नका, पत्र्यावरून पिंप ओढत नेल्याचा आवाज. शेवटी अक्का इंजिन बंद ठेवून गिअर टाकायची आणि मग चावी मारायची. गाडी बेडकासारखी उडी घेऊन निघायची आणि डावीकडच्या भाकऱ्यांचा चुरा व्हायचा. कडक भाकरीचा चुरा म्हणजे कुणी विकत घेत नाही, आणि अक्का फुकट देत नाही.

तिसऱ्या उडीनंतर अक्का गाडीतून उतरली ती थेट गॅरेजच्या दारात. उजनीकडची दोन माणसं पिकअपचं काम घेऊन आली होती. तिथंच तिनं तोंडाचा पट्टा सोडला.

"ह्याच्याकडं गाडी द्यायला आलाय का? द्या, द्या! प्लेट बसवतो म्हणाला आणि माझ्या गिअरबॉक्सचे दात पाडले ह्यानं! गाडी आणली होती का ऊस, चरकात घातल्यागत?"

"ओ बाई, तोंड सांभाळून बोला." अक्काची एका क्षणात बाई झाली. "गिअरबॉक्सला म्या हातच लावला न्हाय. प्लेट बदलली, ती बी पावशेर शिव्या खाऊन."

"मग दात काय उंदरानं खाल्ले?"

"तुमच्या घरातला उंदीर बी भिऊन ऱ्हातो, तो कशाला खाईल?"

"मोडलास तू. तूच मोडलास! अख्ख्या पेठेला सांगणार हाय मी!"

पिकअपवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि पिकअप वळवली. बिभीषण जाणाऱ्या पिकअपकडं बघत राहिला. मग हातातला पाना त्यानं असा खाली टाकला की दोन घरं पलीकडचं पोर रडत उठलं. "आजपासून तुमच्या गाडीला ह्या हातानं शिवणार न्हाय. मेलो तरी न्हाय."

"आणि मी तुझ्या दारात पाय टाकणार नाही!"

अक्कानं बोलल्याप्रमाणं पेठभर सांगितलं. किराणावाल्याला, गिरणीवाल्याला, मठात, लग्नाच्या पंगतीत. बिभीषणनं गिअरबॉक्स मोडला. हे सांगताना ती मुठीनं दात पाडल्याचा अभिनय करायची. गॅरेजसमोर गाड्या कमी दिसायला लागल्या.

यात एक माणूस खूष होता, अक्काचा मुलगा गुरु. तो विमा कंपनीत आहे. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, आणि प्रत्येक वाक्यात 'प्रॅक्टिकली'. आई या वयात उघड्या गाडीतून ट्रकांच्या मधून जाते हे त्याला कधीच पटलं नव्हतं. कोल्हापूरच्या कुणा जुन्या गाड्यांच्या शौकिनाशी त्याचं आधीपासून बोलणं चालू होतं.

"आई, प्रॅक्टिकली बघ. गिअरबॉक्स गेलाय असं तूच सगळीकडे सांगितलंस. ह्या गाडीचे गिअर आता मिळत नाहीत. ते गृहस्थ आहे तशी न्यायला तयार आहेत. रविवारी येतायत."

"गाडी माझी हाय!"

"चालत नसलेली. गिअरबॉक्स गेला नसेल तर प्रश्नच नाही, मी परत विषय काढणार नाही. गेला असेल तर किल्ली द्यायची. कबूल?"

अक्का रागात होती. "कबूल!" म्हणाली. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापता थापता तिचा हात थांबला, हे आमच्या भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं. तिचं म्हणणं खरं असेल तर गाडी जाणार. गाडी राहायची असेल तर बिभीषण खरा ठरणार. दोन्हींतलं कुठलं वाईट, हे तिला रविवारपर्यंत ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी गाडी दारात, बॉनेट उघडं, आणि अक्का आत डोकं घालून उभी. समोर बिभीषण पालथ्या क्रेटवर बसून चहा पीत होता. रविवारी गॅरेज बंद असतं. तरी तो आला होता, आणि कामाचे कपडे घालून आला होता.

तो कुत्र्याशी बोलायला लागला. "बघ रे. काही लोक इंजिनात डोकं घालतात, जसं काय तितं लिहून ठेवलंय काय मोडलंय ते."

अक्का कुत्र्यालाच म्हणाली, "काही लोकांना दुसऱ्याच्या दारात बघायची सवयच असती."

"दात पडले असते," बिभीषण कुत्र्याला म्हणाला, "तर बंद इंजिनात बी गिअर पडला नसता. उड्या मारताना तो पडलाच की. एवढं तरी ध्यानात घ्यावं माणसानं, पेठभर बोंबलायच्या आधी."

अक्का, जणू स्वतःच्याच मनात आलं अशा थाटात, सीटवर बसली. इंजिन बंद. पहिला: टक्. दुसरा: टक्. तिसरा, चौथा, रिव्हर्स. दोन बोटांनी सगळे पडले, सुपारी फुटल्यासारखे स्वच्छ. मग चावी मारली, क्लच दाबला, पहिला टाकला. खर्रर्रर्रर्र.

"ऐकलंस?" बिभीषण कुत्र्याला म्हणाला आणि मग कुत्र्याला सोडून दिलं. "ओ बाई! दात शाबूत हायत. क्लच सुटंना झालाय, म्हणून दातांची मारामारी चाललीया. तुमची आन् माझी चाललीया तशी."

"क्लच सुटंना म्हणजे तुझी प्लेट वाईट!"

"प्लेट का आणखी काय, ते खालून बघितल्यावर कळंल. मी बघणार न्हाय. म्या शपथ घेतलीया."

"मग मी बघते. मी काय कमी हाय?"

आणि हे असं सुरू झालं. पुढची चाकं गल्लीतल्या लोकांनी ढकलून जाड फळ्यांवर चढवली, मागं दगड लावले. अक्कानं लुगड्याचा काष्टा आवळला, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली सरकली. पेडलवर कुणीतरी हवं होतं. अक्कानं गाडीखालूनच हाक मारली, "गुर्‍या! बाहेर ये!"

गुरु इस्त्रीच्या शर्टात आला. "आई, ते मोहोळ... नाही, सांगोल्यापर्यंत आलेत. फोन आला होता."

"येऊ दे. पेडल दाब."

बिभीषण क्रेटवरून, हात छातीशी बांधून, बोलत होता. "गिअरबॉक्सच्या बाजूला एक लहान सिलिंडर दिसंल, अंगठ्याएवढी दांडी बाहेर आलेली. दिसली का? न्हाय दिसणार, तुमची नजर दुसऱ्याच्या चुकांवर बसलेली."

"दिसली! तुझ्या बोटासारखी वाकडी."

"दाब म्हणा त्यास्नी. दांडी किती सरकती?"

गुरुनं दाबलं. "नखाएवढी," खालून आवाज आला.

"पेरभर सरकायला पायजे. आता पेडल कसा वर येतोय, गुरुशेठ?"

"हळू," गुरु म्हणाला. "झोपेतून उठल्यासारखा."

"झालं." बिभीषण क्रेटवरून उठला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दांडी सरकंना म्हंजे प्लेटचा काय बी दोष न्हाय. पायाचा जोर तेलातनं जातो, तो तितवर पोचतच न्हाय. पेडलला जोडलेल्या वरच्या सिलिंडरात लफडं हाय. बॉनेटखाली, पेडलच्या सरळ रेषेत एक तेलाचा डबा हाय, त्याचं झाकण काढा. आन् वास घ्या."

"वास कशाला?"

"क्लचला बी ब्रेक ऑइलच असतंय, आन् त्याचा वास मला हितनं येत न्हाय म्हणून!"

अक्का गाडीखालून निघाली. केसांत माती, गालावर काळा पट्टा. झाकण फिरवताना ते चिकटल्यासारखं चर्रर्र करत निघालं. तिनं आत बघितलं, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

आणि गप्प झाली.

आमच्या गल्लीला अक्काचं गप्प बसणं माहीत नाही. दूधवाला सायकल घेऊन तिथंच थांबला. कुत्रं उठून बसलं.

"काय झालं?" बिभीषण म्हणाला. "कसला वास?"

अक्का काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं न्हाय."

"करडई!" अक्का ओरडली. "करडईचं तेल! झालं समाधान?"

संक्रांतीच्या जत्रेत सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांना तेल घालतात, यण्णीमज्जन म्हणतात त्याला. अक्काच्या माहेरी त्या दिवशी घरात जे जे हलतं त्याला तेल द्यायची रीत. दाराची बिजागरी, शिवणयंत्र, पाण्याची मोटर, विहिरीचा रहाट. अक्का ती रीत इथंही पाळते. भाकरीच्या व्यापारात गाडी पहिल्यांदाच घरातली झाली होती, म्हणून यंदा तिलाही मान मिळाला. बॉनेट उघडलं, एक डबा दिसला, त्यातलं तेल कमी दिसलं. तिनं घाण्यावरचं शुद्ध करडईचं तेल काठोकाठ भरलं आणि वर हात जोडले.

बिभीषणचा चेहरा मात्र हसण्याऐवजी पांढरा पडला. तो गटाराच्या काठापर्यंत आला, पाय पुढं टाकणार तोच थांबला. "शेजारी दुसरा डबा हाय. ब्रेकचा. त्यात घातलं का?"

"नाही."

"खरं सांगा बाई! ब्रेक जाईल, मरशीला!"

"त्याचं झाकण निघालं नाही, म्हणून नाही घातलं! हात दुखत होता माझा!"

"आता काढा. मिस्त्रीचं बळ लावा आन् काढा."

अक्कानं फडकं गुंडाळून झाकण फिरवलं. आत बोट घातलं, वास घेतला. "ह्याला तुझ्या गॅरेजसारखा घाण वास येतोय."

"देव पावला," बिभीषण म्हणाला आणि परत क्रेटवर बसला. आणि मग, बसल्यावर, हसला. पोट धरून, आवाज न करता, खांदे हलवत. अक्काला ते हसणं शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"हसतोस काय? तेलच घातलंय, विष नाही!"

"रबराला ते विषच की ओ! आतल्या वाट्या फुगल्या असतील, भिजल्या हरभऱ्यागत. आन् करडईचं तेल वाळलं की डिंक. माझ्या प्लेटचे दात पाडले म्हणे!"

"प्लेटला दात नसतात, गिअरबॉक्सला असतात," अक्का म्हणाली. "मला शिकवू नको."

गुरुचा फोन वाजला. कोल्हापूरवाले मंगळवेढ्यात जेवायला थांबले होते. त्यानं अक्काकडं बघितलं. "आई, म्हणजे गिअरबॉक्स..."

"शर्ट काढ," अक्का म्हणाली.

पुढचं काम दुपारपर्यंत चाललं. बिभीषणनं नव्या रबरी वाट्या आणि नवी नळी गल्लीपलीकडून भिरकावली. जीपच्या होत्या, मापाला बसतात म्हणाला. हात लावला नाही त्यानं, वचनाचा पक्का. अक्कानं सिलिंडर सोडवला, आतनं निघालेली फुगीर वाटी नव्या वाटीशेजारी ठेवून बघितली आणि पटकन पदराखाली सारली. सगळं स्पिरिटनं धुतलं.

"आणखी धुवा. चिकट लागतंय का बघा."

"माझ्या घरातली भांडी बघ आणि मग मला धुवायला शिकव."

"भांडी बघायला घरात बोलवावं लागतंय. तुमच्याकडं पाणी बी कुणी मागत न्हाय भीतीनं."

मग नवं ब्रेक ऑइल भरून आतली हवा काढायची पाळी. गुरु बनियनवर पेडलशी, अक्का परत गाडीखाली, पाना हातात. "दाब. धर. मी सैल करते. सोडू नको. आता आवळला. सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. बुडबुडे यायचे तोवर हेच. मध्येच गुरुच्या खिशातला फोन वाजायला लागला.

"तेच आहेत," गुरु म्हणाला. "आई, एक मिनिट..."

"पाय सोडलास तर हवा परत आत जाईल!" खालून अक्का.

"पाय सोडला तर म्या तुमच्या आईला परत सगळं करायला लावीन!" समोरून बिभीषण.

गुरु पाय दाबून बसला. फोन वाजून वाजून थांबला. विमा कंपनीत कुणी त्याच्यावर असं दोन्हीकडून ओरडत नसावं.

शेवटी पेडल टणक झाला, सोडला की टपकन वर. अक्कानं हात पुसले, चावी मारली. क्लच पुरा दाबला. पहिला.

काहीच आवाज नाही. मग रिव्हर्स. काहीच नाही. मग परत पहिला.

"फोन लाव," अक्का गुरुला म्हणाली. "सांग, गाडी द्यायची नाही."

गुरुनं लावला. "सर, सॉरी, ते गाडीचं... नाही, आई नको म्हणते."

"कारण सांग," अक्का म्हणाली. ती बिभीषणकडं बघत नव्हती. स्टीअरिंगकडं बघत होती. "गिअरबॉक्स मोडलेला नाही म्हणून सांग."

"मोठ्यानं म्हणा की," बिभीषण म्हणाला. "पेठ मोठी हाय."

"गिअरबॉक्स मोडलेला नाही!" अक्काचा तो आवाज गिरणीवाल्यापर्यंत गेला, मठापर्यंतही गेला असेल. "कुणी मोडला नाही! प्लेटपण बरी हाय!"

"नुसती बरी?"

"सुम्न कुंद्रो!" म्हणजे गप बस. हे ती फक्त घरातल्या माणसांना म्हणते.

रविवार असला तरी तीन दुकानांना माल द्यायचा होता. गुरु आत गेला आणि भाकऱ्यांची चळत आणून सीटवर ठेवून बांधायला लागला. गाठ नीट बसेना, तर अक्कानं त्याच्या हातातून उपरणं हिसकून स्वतः बांधलं. गाडी फळ्यांवरून उतरली, गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली.

बिभीषण क्रेटवर मान तिरपी करून ऐकत होता. कोपऱ्यावर पहिला. मग इंजिन चढत गेलं, चढत गेलं, ओरडायला लागलं, आणि खूप उशिरा दुसरा पडला.

"रडवती बाई इंजिनाला," तो म्हणाला आणि उरलेला गार चहा गटारात ओतून दिला. "शिकवलं त्याचं काय बी ऱ्हायलं न्हाय डोक्यात."